ग्रुपमधून काढलेल्या काकांबद्दल, सगळ्या ॲडमिन मंडळींना

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांचे ॲडमिन दादा, ताई, वहिनी, काका आणि भिया लोकहो, सगळ्यांना नमस्कार.

हे पत्र असं उघड लिहितेय कारण ग्रुपवर टाकलं तर दोन मिनिटांत उडेल, आणि कसं उडतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण तीन वर्षं उडवणारी मीच होते. २०२० ते २०२३. आमच्या कॉलनीचा ग्रुप, सुदामा नगरच्या बाजूचा, नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तर हे कोणी बाहेरची बाई तुम्हाला शिकवायला आली असं नका समजू. मी तुमच्यातलीच आहे, फोन उशाशी घेऊन झोपलेली, लग्नाच्या पंगतीत बसून मेसेज डिलीट केलेली.

आधी ते काकांचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

२०२२ चे गणपती. कोरोनानंतरचे पहिले मोकळे गणपती, सगळे खूश, आरतीला जागा पुरेना. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल आणि रात्री पावणेअकराला एका काकांची चार मिनिटांची व्हॉइस नोट आली. काका बिजली बोर्डातून रिटायर, आवाज तसाच, जसं ट्रान्सफॉर्मरवरून खाली उभ्या माणसाशी बोलून राहिलेत. म्हणणं एवढंच होतं की मंडपवाल्याला किती दिले, लाउडस्पीकरचं बिल कुठे आहे, शिल्लक किती उरली, हिशोब ग्रुपवर टाका. बोलताना एक-दोन शब्द जास्त गेले, "खाऊन टाकलं की काय" असं पण म्हणाले. मग दोघा-तिघांनी अंगठे दाखवले, एकाने उलटं सुनावलं, काकांनी परत नोट टाकली, आणि आमच्या ॲडमिनच्या वेगळ्या छोट्या ग्रुपवर एकजण म्हणाला की ताई काढ ना त्यांना, झोपू दे लोकांना. मी काढलं. एक बटण. कारण नाही लिहिलं, काकांना वेगळा फोन नाही केला, काही नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी शांत झोपले हो, खरं सांगते.

आता मजा ऐका. हिशोब एकदम साफ होता. एक रुपया इकडचा तिकडे नव्हता, वही माझ्याच घरी होती, फोटो काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. पण काकांना काढल्यावर सकाळी लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ज्यांच्या डोक्यात प्रश्नच नव्हता त्यांच्या पण आला. नंतर आम्ही हिशोब टाकला तर म्हणे आता बनवून टाकला. पुढच्या वर्षी वर्गणीला गेलो तर जिथे २१२ घरांनी दिली होती तिथे दीडशे पण भरली नाहीत, आणि जे देत होते ते पण असे देत होते की दरवाजा अर्धाच उघडायचा.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट झाली जी मला दोन महिने कळलीच नाही. कॉलनीत कोणी गेलं की खबर काका टाकायचे. अमक्यांच्या आई गेल्या, रामबाग मुक्तिधाम, चार वाजता, घरून साडेतीनला निघणार. कोणाला एमवाय हॉस्पिटलमध्ये रक्त लागलं तर कोणाचा रक्तगट कोणता ते पण त्यांना पाठ. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं, ते करायचे म्हणून होत होतं. त्या दिवाळीनंतर मागच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या आणि अर्ध्या कॉलनीला तेराव्याला कळलं. त्यांची सून मला म्हणाली, "ताई, ग्रुप असून कोणी नाही आलं." मी तिच्यासमोर उभी होते आणि मला एकदम ती रात्र आठवली, पावणेअकरा ते अकरा दहा.

तेव्हापासून मी वाचतेय, विचारतेय, भाच्याला त्रास देतेय (तो बंगलोरला कंप्युटरवाला आहे, त्याला वाटतं मावशी रिकामी आहे). की बाबा हे ग्रुप बिघडतात कसे, आणि जे टिकतात ते कसे टिकतात. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

पहिले तर आपल्या सगळ्यांचा लाडका नियम: "ग्रुपवर वाद नको." मला वाटतं यापेक्षा बेकार नियम नाही. कारण वाद म्हणजे काय ते ॲडमिन ठरवणार आणि त्या दिवशी ज्याचा मूड असेल तसं ठरणार. हिशोब विचारला तर वाद, आणि कोणी सकाळ-सकाळ कोणत्या जातीवर घाण जोक टाकला तर तो "अरे मजाक आहे, इग्नोर करा". अशा नियमात हवं त्याला पकडता येतं आणि हवं त्याला सोडता येतं. "दुसऱ्याच्या नावाने आरोप करायचा तर आधी त्याला फोन करा" हा नियम आहे. "रात्री १० नंतर व्हॉइस नोट नाही" हा पण नियम आहे. हे दोन आधीपासून लिहिलेले असते तर काकांना मी एवढंच म्हटलं असतं की काका, दहा वाजून गेले, सकाळी बोलू, आणि सकाळी हिशोब टाकला असता. संपलं.

नियम असे कसे बनतात ते आपण एकदा बघितलंय, फक्त विसरलो. एप्रिल २०२१ चा महिना आठवून बघा. दवा बाजारासमोर रेमडेसिविरच्या लायनी, ऑक्सिजनचे सिलिंडर, बेड आहे का बेड. ग्रुपवर रोज पन्नास नंबर यायचे आणि त्यातले चाळीस बंद किंवा खोटे, आणि ज्याचा माणूस घरी धापा टाकतोय तो ते चाळीस नंबर एक-एक करून लावत बसायचा. तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या तीन कॉलेजच्या पोरांनी, ॲडमिन पण नव्हते ते, स्वतःहून सांगितलं की जो नंबर तुम्ही स्वतः लावून बघितला नाही तो टाकायचा नाही, टाकताना वेळ लिहायची, "सकाळी १०:२० ला बोललो, दोन सिलिंडर आहेत", आणि माल संपला की त्याच मेसेजखाली "संपला" लिहायचं. कोणी मोडला की पोरं लगेच खाली विचारायची, "काका तुम्ही लावला का?" बस, एवढंच. कोणाचा अपमान नाही, कोणाला काढलं नाही, दोन दिवसांत सगळे सुधारले, माझे सासरे पण, जे आयुष्यात कोणाचं ऐकत नाहीत. तो महिना आमच्या ग्रुपचा सगळ्यात दुःखाचा महिना होता आणि कारभार बघायला गेलं तर सगळ्यात चांगला पण तोच. लाट ओसरली, पोरं आपापल्या अभ्यासाला लागली, परत गुलाबाची फुलं आणि सुप्रभात सुरू.

आता साइजचं. २०१६ मध्ये ग्रुप बनला तेव्हा आम्ही चाळीस जण होतो, सगळे एकमेकांच्या ओटल्यावर बसलेले, तिथे नियम काय करायचेत, कोणी वाकडं बोललं तर त्याच्या आईला सांगता यायचं. मग २५६ ची लिमिट भरली. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ती आधी ५१२ आणि मग १०२४ केली, आणि आम्ही खुशीत येऊन ज्याला-त्याला जोडत गेलो, राजेंद्र नगर, वैशाली नगर, विजय नगरला शिफ्ट झालेले, पुण्याला गेलेली पोरं, त्यांच्या सासरची पण. सातशेच्या वर गेलो. भाच्याने सांगितलं की हे जुनं दुखणं आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात यूजनेट नावाची लिहून गप्पा मारायची जागा होती, तिथे दर सप्टेंबरला कॉलेजमध्ये नवी मुलं आली की महिनाभर गोंधळ व्हायचा, जुने लोक त्यांना रीत शिकवायचे आणि सगळं परत सुरळीत. १९९३-९४ च्या सुमारास इंटरनेट देणाऱ्या एओएल कंपनीच्या ग्राहकांना तिथे वाट मिळाली आणि लोक असे येत राहिले की शिकवायला श्वासच मिळेना, म्हणून तो सप्टेंबर कधी संपलाच नाही असं आजपर्यंत म्हणतात. आमचा सप्टेंबर १०२४ वाल्या वर्षी सुरू झाला. जोडायच्या आधी प्रत्येकाला एक मेसेज पाठवला असता, की इथे हे चालतं आणि हे चालत नाही, तर अर्धं डोकं वाचलं असतं.

हे मी अंदाजाने नाही बोलत. रेडिट नावाच्या चर्चांच्या साइटवर विज्ञानाच्या गप्पांचा एक फार मोठा गट आहे, तिथे नेथन मटायस म्हणून एक संशोधक आहेत त्यांनी २,१९० चर्चांवर प्रयोग केला. काही चर्चांच्या वर नियम ठळक चिकटवले, काहींवर नाही, कुठे चिकटवायचे ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. २०१९ मध्ये छापून आलं. नियम दिसत होते तिथे नवीन लोकांचं नियम पाळणं टक्केवारीच्या आठपेक्षा जास्त अंकांनी वाढलं, ते तर ठीक, पण मला गंमत पुढची वाटली, नवीन लोक बोलायला लागण्याचं प्रमाण सरासरी ७० टक्क्यांनी वाढलं. आपल्याला वाटतं नियम लावले की लोक घाबरून गप्प बसतील. झालं उलटं. मला विचाराल तर ते बरोबरच आहे, नवीन सून पण स्वयंपाकघरात तेव्हाच मोकळी होते जेव्हा तिला कळतं की इथे कांद्या-लसणाचं काय चालतं.

रेडिटवरच अजून एक अभ्यास झाला, पोस्ट काढून टाकताना कारण सांगितलं तर काय होतं यावर. ज्यांना कारण कळलं त्यांच्या पुढच्या पोस्ट काढाव्या लागण्याची शक्यता कमी झाली. म्हणजे मी काकांना एक ओळ लिहायला हवी होती. एक ओळ!

आता तुम्ही म्हणाल की ताई तुम्ही तर सगळ्यांना डोक्यावर बसवायला सांगताय. नाही. काढायला पाहिजे होतं असा पण एक होता आणि त्याला आम्ही तीन महिने नाही काढलं. ग्रुपमधून नंबर घेऊन रात्री बायकांना पर्सनलवर मेसेज करायचा. डीपी छान आहे, झोपली नाही का, असले. एका वहिनीने मला स्क्रीनशॉट दाखवला, मी ॲडमिन लोकांत विषय काढला तर उत्तर आलं की अरे आपलाच आहे, त्याच्या वडिलांनी मंदिराला लादी दिली, समजावू. समजावलं नाही कोणी. तेव्हा व्हॉट्सॲपचं नवीन आलं होतं की कोणी ग्रुप सोडला तर सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला दिसतं. मला दिसत होतं. एक गेली, दुसरी गेली, पंधरा दिवसांत पाच बायका गेल्या, एकीने पण भांडण नाही केलं, एकीने पण कारण नाही सांगितलं, आणि बाकी सातशे लोकांना वाटत होतं की ग्रुप काय मस्त शांत चाललाय. ज्याला काढायला हवं होतं तो आत, आणि हिशोब विचारणारा बाहेर. असा आमचा कारभार.

म्हणून माझं म्हणणं आहे की काढणं वाईट नाही, पण कशासाठी काढतो ते पाहा. आपल्याला त्रास झाला की आपण झटकन काढतो, आणि दुसऱ्याला त्रास झाला की समजावू म्हणतो.

आणि आपण छोटे लोक, आपल्या ग्रुपने काय होणार, असं पण नका म्हणू. आपली मुंबईची बस सेंधवा उतरून धुळ्याला जाते ना, त्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते, आणि बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, मंगळवेढ्याकडची. पाचही निर्दोष. त्या वर्षी देशात अशा अजून पण घटना झाल्या, आणि मग त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणायचं जाहीर केलं. २०२० मध्ये जे मेसेज खूपदा फिरून आलेत ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि कंपनीने सांगितलं की तसल्या मेसेजचं फिरणं ७० टक्क्यांनी कमी झालं. कंपनीने एक अडथळा टाकला, एवढ्यानेच एवढा फरक. पण कंपनी आपल्या ग्रुपमध्ये बसून वाचत नाही, वाचतो आपण. तो दोन बाण असलेला, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज आला की खाली "कुठून आलं काका?" हे विचारायला कोणतं फीचर लागत नाही.

आता आपल्या शहराचं. मला माहीत आहे सफाईचं उदाहरण ऐकून-ऐकून तुमचे कान किटलेत, पाहुणे आले की आपण पोह्यांबरोबर तेच वाढतो. पण जरा वेगळ्या बाजूने बघा. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण २५ वे होतो, २०१७ मध्ये ४३४ शहरांत पहिले. एका वर्षात काय इंदूरची माणसं बदलली? तीच माणसं, तोच राजवाडा, तेच सराफ्यात रात्री एकला खाणारे. बदललं काय, तर कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेट्या उचलल्या आणि गाडी दारात यायला लागली. पेटीत कोण काय टाकतं कोणाला माहीत, म्हणून सगळेच काही पण टाकत होते, निम्मं बाहेर. गाडी दारात आली की बादली तुमची, हात तुमचा, आणि समोर माणूस उभा. सुरुवातीला घरोघरी येऊन समजावत होते, भाजीची सालं इकडे, पन्नी तिकडे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात ओलं-सुकं एकत्र दिलं तर गाडीवाल्या मुलाने बादली परत केली, म्हणाला अम्मा वेगळं करून द्या. त्या चिडल्या, दोन दिवस बोलत होत्या, तिसऱ्या दिवशी दोन डबे आले घरात. ऐकलंच नाही तर पुढे दंड होता. पण त्या मुलाने बादली परत केली हो, घर खाली करा नाही म्हणाला. मी काकांना घर खाली करायला लावलं. पहिल्याच चुकीला.

हे चढत्या पायऱ्यांचं प्रकरण नवीन नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम म्हणून बाई होत्या, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल, हे मिळालेली पहिली बाई. त्यांनी जगभरच्या सामायिक गोष्टी बघितल्या, पाटाचं पाणी, मासेमारी, जंगल, गावाची कुरणं, की सरकार नाही, मालक नाही, तरी काही ठिकाणी लोक शेकडो वर्षं सांभाळतात आणि काही ठिकाणी पाच वर्षांत वाट लावतात, असं का? जिथे टिकलं तिथे बऱ्याच गोष्टी सारख्या निघाल्या, त्यातल्या मला पटलेल्या सांगते. ज्यांना नियम लागू ते नियम बनवण्यात असतात, पहिल्या चुकीला छोटी शिक्षा आणि मग वाढत जाणारी, आणि भांडण मिटवायची जवळची, स्वस्त जागा. आपल्याकडे हे पुस्तक न वाचता चाललेलं आहे, परत धुळे जिल्ह्यातच, पांझरा नदीवर फड पद्धत. बंधाऱ्याचं पाणी, कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या पट्ट्यात, कोणतं पीक ते शेतकरी मिळून ठरवणार, पाणी द्यायला पाटकरी नेमलेला, त्याचं पोट शेतकऱ्यांच्याच धान्यावर. पाटकऱ्याला माहीत आहे की आपण नोकर कोणाचे. आम्हा ॲडमिनांना कोणी धान्य देत नाही ते खरं, पण त्यामुळेच की काय आम्हाला वाटायला लागतं की बंधारा आमचाच.

बंधारा आमचाच म्हटलं की काय होतं त्याचा मोठा नमुना क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाचा आहे. आपलं मराठी विकिपीडिया पण २००३ पासून आहे, तिथे पण ॲडमिन असतात ज्यांना प्रचालक म्हणतात, कुठल्या पण भाषेत लिहिणारे-सांभाळणारे हौशी लोकच. तर क्रोएशियनमध्ये मूठभर ॲडमिन लोकांनी जवळपास दहा वर्षं सगळं आपल्या मुठीत ठेवलं. त्यांच्या राजकारणाला न पटणारं लिहिलं की ब्लॉक. तक्रार कुठे करायची तर त्यांच्याकडेच. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिलेले, आणि जे शहाणे होते ते थकून निघून गेले, म्हणजे मतदान घेतलं तरी उरलेले सगळे त्यांचेच. शेवटी बाहेरून लोकांनी लक्ष घातल्यावर त्यातल्या मुख्य माणसाला बाहेर केलं आणि २०२१ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा अहवाल आला. बघा, तिथे पण "वाद नको" चालूच होता. शांतता भरपूर होती.

आमच्याकडे शांतता २०२३ च्या निवडणुकीत आली. विधानसभेचं मतदान १७ नोव्हेंबरला होतं, दिवाळीच्या धामधुमीत, आणि ग्रुपवर तर फटाके आधीच फुटत होते. मग एका ॲडमिनने सेटिंग लावून दिली, फक्त ॲडमिन बोलणार. म्हणाला कलेक्टरचा आदेश आहे, पोलीस ॲडमिनला उचलतात. आता निवडणुकीला, सणावाराला असे आदेश निघतात हे खरं आहे आणि ते वाचून वागायलाच पाहिजे. पण सदस्याने काही पण टाकलं की ॲडमिन आपोआप आत, असं नाही हो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिन तेवढ्यावरून गुन्हेगार होत नाही, दोघांचा मिळून हेतू होता असं दिसायला पाहिजे. केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये असंच म्हटलं. आपलं हायकोर्ट वेगळं आहे, तरी घाबरून सातशे लोकांच्या तोंडाला कुलूप लावायच्या आधी निदान एवढं वाचा. निवडणूक झाली, निकाल लागला, नवीन मुख्यमंत्री झाले, कुलूप तसंच. आठ महिने. त्यात लोकांनी आपले वेगळे तीन ग्रुप काढले, एक या पार्टीवाल्यांचा, एक त्या, आणि एक बायकांचा ज्यात त्या पाचजणी पण आहेत (तो मस्त चाललाय, मला पण घेतलंय, आणि तिथे ॲडमिन दर तीन महिन्यांनी बदलते). मोठ्या ग्रुपवर आता नळाला पाणी कधी येणार ते येतं आणि एकादशीच्या शुभेच्छा. मी ते कुलूप लागलं त्याच सुमारास ॲडमिनकी सोडली.

ॲडमिनचे हाल मला माहीत आहेत. पगार नाही, शिव्या आहेत, नवरा म्हणतो फोन ठेव, आणि दोन बाजूंची माणसं संध्याकाळी त्याच दुकानात दूध घ्यायला भेटतात. थकलेला माणूसच बटण दाबतो, मी पण थकलेलीच होते. म्हणून एकट्याने करू नका, चार-पाच जण ठेवा, त्यात एक पंचविशीच्या आतलं, दोन बायका, आणि थकलात तर महिनाभर दुसऱ्याला द्या, गादी जात नाही. कोणाला काढायचं तर दोघांची हो पाहिजे आणि सकाळपर्यंत थांबायचं, बायकांना त्रास देणारा सोडून, त्याला रात्रीच काढा. काढलं की ग्रुपवर एक ओळ, कोणत्या नियमासाठी आणि किती दिवसांसाठी. आणि ज्याला काढलं त्याला फोन. हा फोन सगळ्यात जड जातो, मला तो करायला दीड वर्ष लागलं.

हओ, केला मी. फोन नाही, घरीच गेले, मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. काका गच्चीवर वाळवणाला पंख्याचं वायरिंग करत बसले होते, काकू पापड उलटत होत्या. मी म्हटलं काका माझी चूक झाली. ते वायर सोलत होते, वर न बघता म्हणाले, "कोणती?" मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं की त्यांना काढलं कोणी आणि कशासाठी. आधी बरेच दिवस त्यांना वाटत होतं की मोबाइल बिघडला, मुलाने सेट केला तेव्हा ग्रुप उडाला, आणि मग हळूहळू लोकांच्या बोलण्यातून कळलं की काढलंय, पण कशाबद्दल ते नाही कळलं. त्यांनी आपल्या मनाने कारण शोधून ठेवलं होतं, की आपण एकदा चुकून एका जिवंत माणसाची निधनाची खबर टाकली होती म्हणून असेल. ते पण २०१९ मध्ये. व्हॉइस नोट त्यांच्या लक्षात पण नव्हती.

मी हिशोबाची वही घेऊन गेले होते सोबत. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचली, मंडपवाल्याच्या एका पावतीवर तारीख नाही म्हणून टोकलं, आणि काकूंना म्हणाले चहा टाक.

तर येत्या रविवारी सकाळी साडेनऊला माझ्याकडे पोहे-जलेबी आहे. आमच्या ग्रुपचे पाची ॲडमिन, ते जे "काढ ना ताई" म्हणाले होते ते पण, आणि बाकी ग्रुपांच्या ज्यांना यायचं त्यांनी पण या, ओटला मोठा आहे. काका येणार आहेत. ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये अजून "गणपती वर्गणी २०१६, संपर्क करा" लिहिलंय, ते बदलायचंय, आणि नियम तिथेच बसून टाइप करायचेत, जास्तीत जास्त सात. रात्री १० नंतर व्हॉइस नोट नाही हा एक तर पक्का, काकांनी स्वतः सुचवलाय. चार्जर आणा, आमच्याकडे एकच आहे.

तुमचीच,
एक माजी ॲडमिन, इंदूर